लाल रुमाल, काळा बो

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याकिनाऱ्याने निघालं, साखरतरची खाडी ओलांडली की थोड्याच वेळात रस्ता आरेच्या चढाला लागतो आणि डाव्या हाताला समुद्र एकदम उघडतो. एका बाजूला आरेची पुळण, दुसऱ्या बाजूला वारेची, मध्ये समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड आणि काठाने सुरूचं बन. दिवसभर इथे गाड्या थांबतात, फोटो निघतात, कोकम सरबताचे ग्लास रिकामे होतात. मला मात्र ही जागा थंडीच्या दिवसांत, दिवेलागणीनंतर आवडते. फोटोवाले पांगलेले असतात, हवा स्वच्छ असते आणि पार पश्चिमेला, पाणी आणि आकाश मिळतं त्या रेघेवर, दिवे दिसायला लागतात. मच्छीमार होडीचा एकटा दिवा ओळखू येतो. मालवाहू जहाजाचे चार मोजके दिवेही कळतात. पण कधीतरी एक लांबट, दाट पुंजका दक्षिणेकडे सरकताना दिसतो. असा पुंजका दिसला तर ते बहुधा मुंबईहून गोव्याकडे किंवा पुढे कोचीकडे निघालेलं प्रवासी जहाज असतं. क्रूझ!

इतक्या लांबचं जहाज दिसतं तरी कसं? पुळणीवर पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई पाणी झाकून टाकते. तोच माणूस चढावर, समुद्रापासून पन्नास मीटर उंच जाऊन उभा राहिला तर त्याचं क्षितिज पंचवीस किलोमीटरपर्यंत सरकतं. शिवाय जहाजही काही बुटकं नसतं. त्याचे वरचे मजले पाण्यापासून चाळीस मीटर उंच असले तर आणखी बावीसएक किलोमीटरची भर पडते. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरवरच्या जहाजाचं धड क्षितिजाखाली बुडालेलं असतं, पण माथ्यावरचे दिवे आपल्याला दिसू शकतात. पुळणीवरच्याला काही दिसत नाही आणि चढावरच्याला दिसतं, यात नजरेची तीक्ष्णता नाही, नुसती उंची आहे.

आता त्या दिव्यांच्या आत शिरू या. संध्याकाळचे साडेसहा-सात झालेत. लांब पल्ल्याचं, जुन्या वळणाचं जहाज असेल आणि आज ‘फॉर्मल नाइट’ असेल, तर शेकडो केबिनांत या घडीला एकच लगबग चाललेली असणार. दुपारपर्यंत पोहण्याच्या चड्डीत आणि स्लिपरांत हिंडणारी माणसं आरशासमोर उभी राहून गळ्याशी काळा बो बांधतायत. बायका लांब गाउनची चेन लावायला कुणाला तरी हाक मारतायत. चहूबाजूंना मैलोन्‌मैल पाणी आहे, एकही ओळखीचं माणूस भेटायचं नाही, आणि तरीही हजारभर लोक लग्नाला निघाल्यासारखे नटतायत. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. समुद्राच्या मधोमध हे नटणं आलं कुठून?

नियम जहाजागणिक वेगळे असतात. क्यूनार्ड ही ब्रिटिश कंपनी आजही संध्याकाळी सहानंतरच्या पोशाखाबद्दल आग्रही आहे. तिच्या ‘गाला’ संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, गळ्याशी बो किंवा टाय असावा, अशी अपेक्षा असते. पीअँडओ या कंपनीच्या जहाजांवरही अशा खास रात्री असतात. नॉर्वेजियन या कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ आणलं आणि जेवायच्या ठरावीक वेळा, ठरावीक टेबलं आणि बो यांतून लोकांना मोकळं केलं. तेव्हापासून बऱ्याच जहाजांवर हे सगळं ऐच्छिक होत गेलं. पण जिथे उरलंय तिथे ते पूर्ण इतमामाने होतं. कप्तान पांढऱ्याशुभ्र गणवेशात येऊन हस्तांदोलन करतो, जिन्याच्या वळणावर फोटोग्राफर उभा असतो आणि जेवणाच्या शेवटी दिवे मंद करून वेटर मंडळी ‘बेक्ड अलास्का’ची मिरवणूक काढतात. खाली केक, त्यावर आइस्क्रीमचा डोंगर, त्यावर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा जाड थर. हे सगळं कडक भट्टीत घालून बाहेर काढतात आणि आतलं आइस्क्रीम तसंच्या तसं गार! फेटताना त्या पांढऱ्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकतात आणि अडकलेली हवा उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. वरचा थर भाजून तपकिरी होईपर्यंत आतल्या गारव्याला पत्ताही लागत नाही.

या नटण्यातली सगळ्यात मोठी अडचण मात्र इस्त्रीची. बहुतेक क्रूझ कंपन्या केबिनमध्ये इस्त्री आणू देत नाहीत. सामान तपासताना ती काढून घेतात आणि उतरताना परत देतात. समुद्रात आगीइतकी धास्ती दुसऱ्या कशाचीच नसते, कारण पळायला जागा नसते. काही जहाजांवर प्रवाशांसाठी सामाईक धोबीखोली असते. मग गालाच्या दुपारी त्या खोलीबाहेर रांग लागते. हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बाई आणि निवृत्त साहेब इस्त्रीच्या फळीसाठी एकमेकांच्या मागे उभे. जहाजावरच्या ओळखी म्हणे याच रांगेत होतात.

ही सगळी रीत क्रूझच्या जन्माआधीची आहे. तेव्हा जहाज हा मौजेचा प्रकार नव्हता. पोहोचण्याचा तो एकच मार्ग होता. १८३७ साली टपालाच्या कंत्राटावर उभी राहिलेली आणि पुढे पीअँडओ म्हणून ओळखली गेलेली कंपनी, १८६९ साली सुएझचा कालवा उघडल्यावर मुंबई आणि इंग्लंड यांच्यामधला जणू राजरस्ताच बनली. मुंबईत बॅलार्ड पियरला जहाज लागायचं आणि पुढचे दोन-तीन आठवडे तेच प्रवाशाचं गाव. एवढे दिवस एकाच गावात काढायचे तर त्या गावाचे रीतिरिवाज आलेच. पहिल्या वर्गात संध्याकाळच्या जेवणाला पोशाख बदलून येणं हा त्यातला सर्वांत पक्का रिवाज.

त्यासाठी सामानाची केवढी व्यवस्था! ट्रंकांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. काहींवर ‘प्रवासात लागणार’, काहींवर ‘प्रवासात लागणार नाही’. न लागणाऱ्या ट्रंका थेट जहाजाच्या पोटात जायच्या. पलंगाखाली सरकेल अशी बुटकी ‘केबिन ट्रंक’ सोबत राहायची. ‘प्रवासात लागणार’वाल्या ट्रंकांची खोली ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी उघडायची, कारण निम्म्या वाटेत हवा बदलायची. इंग्लंडहून येणारा माणूस लोकरीत निघायचा आणि पोर्ट सैदनंतर सुती कपड्यांत शिरायचा. तिथेच जहाजाचे अधिकारीही निळा गणवेश उतरवून पांढरा चढवायचे. पुढे तर जहाजानेही पोशाख बदलला. पीअँडओच्या जहाजांचं अंग पिढ्यान्‌पिढ्या काळं असायचं. १९३१ साली ‘स्ट्रॅथनेव्हर’ आली ती पांढऱ्या अंगाची आणि पिवळसर धुराड्यांची. मागोमाग तिच्या बहिणीही तशाच आल्या. पांढरा रंग ऊन परतवतो, हे आपण उन्हाळ्यात सदरा निवडताना ताडतो; तेच तिथे हजारो टनांच्या पोलादावर लागू केलेलं होतं.

तरी तांबड्या समुद्रात जहाज शिरलं की सगळ्या रिवाजांची कसोटी लागायची. दोन्ही काठांना वाळवंट आणि वातानुकूलन नावाची गोष्टच नाही. त्यात वाऱ्याची एक विचित्र खोडी. जहाज ताशी पंधरा मैलांनी चाललंय आणि वाराही पाठीमागून तेवढ्याच वेगाने येतोय, तर डेकवर उभ्या माणसाला वारा लागतो शून्य. वाहत्या वाऱ्यात असूनही झुळूक नाही! अशा वेळी एखादा कप्तान चक्क जहाज उलटं फिरवायचा आणि थोडा वेळ आल्या दिशेने चालवायचा. त्यामुळे केबिनांतून वारा खेळायचा, लोक श्वास घ्यायचे आणि जहाज पुन्हा मूळ वाटेला लागायचं. रात्री गाद्या डेकवर यायच्या. बायकांची एक बाजू, पुरुषांची दुसरी.

आणि जेवणाला डिनर जॅकेट? तिथे मात्र उष्म्याने रिवाजाला थोडं नमवलं. जॅकेट काढून ठेवायचं; पांढरा शर्ट, काळी विजार, गळ्याशी बो आणि कमरेला रुंद रेशमी पट्टा, एवढ्यावर भागवायचं. या अर्ध्या पोशाखाला ‘रेड सी रिग’ म्हणतात. नौदलांत आणि उष्ण देशांतल्या वकिलातींत तो आजही चालतो. त्यातला कमरेचा पट्टा नीट पाहा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना इथल्या गरमीत कोटाखालचं वेस्टकोट सोसवेना, तेव्हा त्यांनी इथल्या लोकांच्या कमरेला असायचा तो कापडी कमरबंद उचलला. छावणीच्या भोजनगृहातून तो बोटीवर गेला, बोटीवरून लंडनला आणि मग जगभरच्या मेजवान्यांत. पोटावर रेशमाच्या चुण्या घेऊन मिरवणारा आजचा नवरदेव मुळात आपल्याच हवेने सुचवलेला पोशाख घालून उभा असतो.

इथे मला रत्नागिरीकडे वळायचं आहे, कारण याच डेकवर, याच संध्याकाळी, दुसराही एक कमरपट्टा हजर होता. तो होता लाल.

पीअँडओच्या जहाजांवरचा कामकरी वर्ग तीन मुलखांतून यायचा. इंजिनाच्या आगीसमोर पंजाबी आणि पठाण. केबिनांत आणि जेवणघरात गोव्याचे लोक. दोन सफरींच्या मध्ये ते मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मुक्कामघरात, उतरायचे. आणि डेकवर, म्हणजे दोरखंड, रंग, नांगर, होड्या, सुकाणू या सगळ्यावर, कोकण किनाऱ्यावरचे मुस्लिम दर्यावर्दी. त्यात रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा. भरती सारंगामार्फत, म्हणजे डेकवाल्यांच्या म्होरक्यामार्फत, व्हायची आणि सारंग माणसं घ्यायचा ती आपल्या गावातली, नात्यातली. एका बोटीच्या डेकवर बापाचा चुलतभाऊ, थोरला भाऊ आणि शेजारचा पोरगा असं अख्खं मोहल्ल्याचं चित्र तयार व्हायचं. हुद्द्यांची नावंही इथल्या गलबतांवरचीच: सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी, कोठारावर कसाब, चुलीवर भंडारी. लंडनच्या कंपनीचं कोट्यवधींचं जहाज आणि त्यावर जयगडच्या खाडीत चालणारी हुद्द्यांची उतरंड!

या डेकवाल्यांचा पोशाख जुन्या छायाचित्रांत पाहायला मिळतो आणि तो पाहिला की नजर हटत नाही. गुडघ्याकडे झुकणारा गडद निळा सुती अंगरखा. त्याला ‘लालची’ म्हणत. गळ्याशी आणि छातीवर भरतकाम. खाली पांढरी विजार. डोक्याला गोल टोपी, तिच्याभोवती गुंडाळलेलं कापड. आणि कमरेला घट्ट बांधलेला लाल रुमाल. पाय अनवाणी. सारंगाच्या गळ्यात रुपेरी साखळी आणि तिला शिट्टी. त्या शिट्टीवर अख्खा डेक हलायचा. निळ्या समुद्रावर, पांढऱ्या जहाजावर, निळ्या अंगरख्यांची रांग आणि मध्ये लाल पट्ट्यांची एक ओळ. कुणी चित्रकाराने योजावं इतकं नेमकं.

प्रवाशांचे पोशाख दर दहा-वीस वर्षांनी बदलत गेले. शेपटीवाला कोट गेला, डिनर जॅकेट आलं. पायघोळ झगे गुडघ्यापर्यंत वर चढले, पुन्हा उतरले. लाल रुमाल मात्र तसाच राहिला. विमानांनी बोटीचे प्रवासी पळवले, बोटी मौजेच्या सफरींकडे वळल्या, तरी पीअँडओच्या डेकवर तो बराच काळ दिसत होता. बोटीवरच्या शिष्टाचारावर लिहिणारे बहुतेक लेखक टेबलाच्या एका बाजूचेच कपडे मोजतात. मला वाटतं, त्या जगातला सर्वांत देखणा आणि सर्वांत टिकाऊ पोशाख टेबलाच्या पलीकडे उभा होता. काळ्या रेशमाचा पट्टा बांधून कठड्याशी उभा असलेला साहेब आणि लाल रुमाल बांधून तो कठडा पुसणारा रत्नागिरीचा खलाशी, दोघांच्या कमरेला एकाच वस्त्राचे दोन अवतार होते. आणि पहाटे डेकवर झोपलेल्या साहेबलोकांना गाद्या उचलायला लावायची सत्ताही याच खलाशांची, कारण उजाडताच डेक धुवायचा म्हणजे धुवायचा.

आपल्या ओळखीच्या काही थोरांचीही या बोटींच्या पोशाखाशी गाठ पडलेली आहे. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघाले. काटेचमचे वापरायची धास्ती म्हणून ते केबिनमध्येच, घरून आणलेली मिठाई आणि फळं खाऊन राहायचे. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनलचा सूट खास उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला. सप्टेंबर संपता संपता इंग्लंडात उतरले तर धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! सामान आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात, दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही. ‘सत्याच्या प्रयोगां’त त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलंय.

त्रेचाळीस वर्षांनी, १९३१ च्या ऑगस्टात, पीअँडओच्या बोटींनी दोन माणसांना गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून नेलं. १५ तारखेला ‘मूलतान’ने डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले; त्यांच्या पूर्वजांचं गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. २९ तारखेला ‘राजपुताना’ने गांधीजी गेले. परिषदेच्या छायाचित्रांत एकजण नीटनेटक्या सूट-टायमध्ये आहे आणि दुसरा पंचा नेसून, शाल पांघरून. ज्यांना कधी नीट वस्त्र नेसू दिलं गेलं नाही त्यांच्या वतीने निर्दोष सूट घालून बसणं, आणि ज्यांच्यापाशी वस्त्रच नाही त्यांच्या वतीने पंचा नेसून बसणं. दोन्ही पोशाख पूर्ण विचारांती निवडलेले होते.

पोशाख वाचायची सवय लागली की जहाजावर हिंडायला आणखी मजा येते. अधिकाऱ्यांच्या मनगटावरचे किंवा खांद्यावरचे सोनेरी पट्टे किती आहेत त्यावरून हुद्दा कळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण पट्ट्यांच्या मधला रंगही पाहावा. ब्रिटिश परंपरेच्या जहाजांवर जांभळा असेल तर तो इंजिनियर, लाल असेल तर डॉक्टर, पांढरा असेल तर हिशेब आणि पाहुणचार खात्यातला. मध्ये रंग नसेल, नुसतंच सोनं, तर जहाज हाकणारा.

आपल्या किनाऱ्याची स्वतःची बोटही होतीच. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जायच्या. तिथे बो नव्हता आणि बेक्ड अलास्काही नव्हता. डेकवर चटया पडायच्या, भाकरीची फडकी सुटायची, कुणाला बोट लागली की लिंबू पुढे व्हायचं. बऱ्याच बंदरांत धक्क्याला लागण्याइतकं पाणी नसायचं. बोट बाहेर उभी राहायची आणि डुलत्या पडावात उतरावं लागायचं. अशा वेळी काष्टा घातलेल्या नऊवारीसारखं सोयीचं वस्त्र नाही. दोन्ही हात मोकळे, पायात काही अडकत नाही, वारा सुटला तरी चिंता नाही. पावसाळ्यात सेवा बंद. रस्ते सुधारले, पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, तोवर या बोटी आठवणीत जमा झाल्या होत्या. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा धावू लागली. २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ आली. १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून सेवेत आलेली, दोनशे अकरा मीटर लांबीची. याच किनाऱ्यासमोरून, पण चटईऐवजी गालिचा घेऊन.

गाउन आणि उंच टाचांचे बूट घालून डुलत्या जहाजावर जेवायचं कसं, ही शंका रास्त आहे. पूर्वी खवळलेल्या समुद्रात टेबलाच्या कडांना उभ्या पट्ट्या लावत, म्हणजे ताट घरंगळायचं नाही. आणि पांढरे टेबलक्लॉथ मुद्दाम ओले करत, कारण ओल्या कापडावरून बशी सरकत नाही. मग १९५० साली पीअँडओची ‘चुसान’ आली. जहाजाच्या दोन्ही कुशींतून, पाण्याखाली, आडवे पंख निघायचे. जहाज डावीकडे कलायला लागलं की घूर्णदर्शी ते ताडायचा आणि पंखांचे कोन उलटसुलट वळायचे. वाहत्या पाण्याचा दाब मग एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली ढकलायचा आणि कललेलं जहाज सरळ व्हायचं. विमान हवेत जे करतं तेच इथे पाण्यात. आज क्रूझवर ग्लासातली वाइन जवळजवळ हलत नाही, त्याचं श्रेय या न दिसणाऱ्या पंखांना. तरीही ज्याला बोट लागते त्याने खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमधची केबिन घ्यावी; झोपाळ्याच्या दांडीजवळ झोका कमी लागतो, तसंच.

आजच्या क्रूझचं आकारमान ऐकलं की जुन्या बोटी होड्या वाटायला लागतात. २०२४ साली सुरू झालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ तीनशे पासष्ट मीटर लांब आहे. वीस मजले, पुरी भरली तर सात हजार सहाशे प्रवासी आणि त्यांची सरबराई करणारे दोन हजार तीनशेहून जास्त कर्मचारी. अशा जहाजाच्या पोटातून एक लांबच लांब पोलादी रस्ता जातो. अमेरिकेतल्या हमरस्त्यावरून त्याला बऱ्याच जहाजांवर ‘आय-९५’ म्हणतात. प्रवाशांना तो कधी दिसत नाही. भाज्यांच्या ट्रॉल्या, चादरींचे गठ्ठे, कामाला निघालेला बँडवाला, पाळी संपवून आलेला वेल्डर, सगळे तिथून जातात आणि एक दार ढकललं की एकदम झुंबर, गालिचा आणि पियानो. दाराच्या अलीकडे आरसा लावलेला असतो. बाहेर पडण्याआधी कॉलर, बिल्ला, केस, बूट पाहून घ्यायचे. प्रवाशांचा पोशाख ऐच्छिक झाला असेल, कर्मचाऱ्यांचा अजिबात झालेला नाही.

रत्नागिरीच्या गावांत आजही ‘पोरगा काय करतो?’ला ‘शिपवर आहे’ हे उत्तर सर्रास ऐकू येतं. सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, काढायचं, सुरक्षेचे कोर्स करायचे, सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग ‘साइन ऑफ’ होऊन घरी. असाच सुट्टीवर आलेला, जेवणघरात काम करणारा एक मुलगा. घरात पाहुणे जेवायला यायचे होते म्हणून त्याने आईचे पांढरे सुती हातरुमाल मागून घेतले आणि ओट्यावर बसून घड्या घालायला लागला. आधी त्रिकोण, मग दोन्ही टोकं माथ्याशी, अंगठ्याच्या नखाने चूण पक्की, खालचं टोक वर, मग सगळं उलटं करून कडा एकमेकींत खोवल्या. रुमाल ताटाशेजारी उभा राहिला, बिशपच्या टोपीसारखा ताठ. दुसरा, तिसरा. पाचवा रुमाल मात्र मान टाकायला लागला. तो मला म्हणाला, ‘काकू, याला खळ कमी पडली. शिपवर असा निघाला तर लाँड्रीत परत.’

खळीचं खरंच शास्त्र आहे. तांदळाच्या पेजेतले पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात, सुताच्या धाग्यांत शिरतात आणि वाळल्यावर, इस्त्रीच्या उष्णतेने, धाग्यांवर एक पातळ कडक थर बसवतात. पण समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं आणि हवेतला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणून आरे-वारेला दांडीवरचा टॉवेल दिवसभरात पुरता वाळत नाही, सदऱ्याची कॉलर दुपारीच मऊ पडते आणि पितळी बटणं हिरवी पडतात. जहाजाच्या डेकवर हेच. त्यामुळे क्रूझची लाँड्री रात्रंदिवस चालते, आणि तिला लागणारं गोडं पाणी जहाज समुद्रातूनच काढतं. दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ आधीच उकळतं. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर खारं पाणी असं उकळून त्याची वाफ धरायची, किंवा ते जोराने बारीक चाळणीसारख्या पडद्यातून ढकलायचं. गालाच्या रात्रीचा शुभ्र टेबलक्लॉथ तासाभरापूर्वीच्या समुद्राने धुतलेला असतो.

आपल्याकडून आता क्रूझला जाणारी कुटुंबं वाढतायत आणि बॅग भरताना हमखास प्रश्न पडतो की गाउन, टक्सिडो कुठून आणायचे. आणूच नयेत. क्यूनार्डसारखी काटेकोर कंपनीसुद्धा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख गालाला आनंदाने चालवून घेते. पैठणी न्या. तिला घडी न घालता जाड पुठ्ठ्याच्या नळीवर मऊ सुती कापडासकट गुंडाळा, म्हणजे जर मोडत नाही आणि इस्त्रीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. नऊवारी नेसता येत असेल तर फारच उत्तम. जिने, वारा आणि नाच या तिन्हीला ती पुरून उरते. पुरुषांनी बंद गळ्याचा कोट घ्यावा, बो बांधायचा प्रश्नच मिटतो. एक फेटा जरूर असू द्या. पण तो वरच्या डेकवर जाण्याआधी नीट खोचा, कारण जहाज ताशी वीस मैलांनी पुढे जातंय आणि समोरूनही वारा आहे, म्हणजे दोन्हींची बेरीज तुमच्या डोक्यावर येणार.

आणि जेवायला बसल्यावर वाढणाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला पाहा. बऱ्याच जहाजांवर त्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. ‘इंडिया’ दिसलं तर गाव विचारा, आणि मराठीत विचारा.